दाब

टॅबवर लिहून येतं :
कनेक्ट केले आहे, इंटरनेट नाही.

म्हणजे नळ आहे, जोड आहे, मीटरसुद्धा आहे
आणि पाणी नाही.
मला हे वाक्य कुणी समजावून द्यायला नको.
एकतीस वर्षं मीच हे लोकांना सांगत हिंडलो,
साखळी, कुडणे, न्हावेली, वेळगे,
पहाटे चारला, सायकलच्या दांडीला बांधलेली
वाल्वची ती लांब चावी घेऊन.
बायका कळशी दारात आपटून विचारायच्या,
गांवस, उदक खंय?
मी म्हणायचो, येतंय. वाटेत आहे.

आता सुलक्षा विचारते.
साडेपाचला मस्कतच्या दोन मुली पेटी शिकायला बसतात.
पाच वाजून सात मिनिटं झालीत,
भात्यावरचं फडकं निघालंय,
आणि मी टॅब छातीशी धरून घरभर चालतोय
गळती शोधताना चालायचो तसा,
पाय हळू, कान पुढे.

स्वयंपाकघरात दोन रेघा.
न्हाणीपाशी काही नाही.
विहिरीच्या कठड्यावर, कुणालाच नको तिथे, तीन.

चौऱ्याण्णवात घर बांधताना गवंड्याला मी म्हटलं होतं,
चिरा जाड घाल, दीड हात,
आतलं बाहेर जाता कामा नये.
त्यानं ऐकलं.

मूळापासून सुरू करायचं, हा आमचा नियम.
राउटरचे दिवे बघितले : हिरवे.
तरी बंद केला. तीस मोजले.
(एकदा पंपावर घाईत वीसच मोजले होते,
त्याचं बोट अजून वाकडं आहे.)
चालू केला. परत हिरवे.
गोदरेजचं कपाट हातभर सरकवलं,
मागे सापडली चोवीस साली हरवलेली रेशनची चिठ्ठी.
सुलक्षाच्या फोनवर मात्र सगळं धो धो.

मग कळलं.
शेजारणीच्या नळाला येतं आणि तुझ्या नाही,
तर मेन लाइनला शिव्या देऊ नकोस.
जोड तुझा बघ.

कुंपणापलीकडून साहीशला हाक मारली.
तो आंब्याची साल चघळत आला, एका बोटानं
कुठल्याशा तळघरात उतरला
आणि यादी उघडली :
हा टॅब जिथे जिथे जोडला गेला त्या सगळ्या जागा.
मये तळ्याकाठचं हॉटेल.
नरसोबाच्या वाडीचा भक्तनिवास.
भाचीच्या लग्नाचा हॉल.
बांबोळी, वॉर्ड.
आणि आमचंच घर.

आमचंच, पण गेल्या मे महिन्यात विजेनं जाळलेल्या
जुन्या राउटरच्या पासवर्डासकट.
नव्याचं नाव आम्ही तेच ठेवलं होतं, हौसेनं.
हा बिचारा वर्षभर सुलक्षाच्या फोनचं उष्टं पीत होता
आणि आज दारात उभा राहून
जुनीच किल्ली फिरवत होता.

काका, पयलीं तें विसरात, साहीश म्हणाला.
बटणावर खरंच तसं लिहिलं होतं : विसरा.
मी दाबलं.
कॅलेंडरच्या पाठीवरचा नवा पासवर्ड वाचून दाखवला,
मोठा ए, छोटा ए, अधे एक आकडा,
तो कधी सात वाटतो कधी एक.
सात होता.

हात तापला की थांबत नाही,
म्हणून हॉटेल विसरलो, हॉल विसरलो,
वाडीचं विसरताना जरा नमस्कार केला.
बांबोळीचं ठेवलं.
तिथे माझ्या नाकात नळ्या होत्या नऊ दिवस
आणि पलंगाशी स्टुलावर बसून
सुलक्षा पहिल्यांदा हा टॅब चालवायला शिकली.
साहीशनं विचारलं, हें?
म्हटलं, असू दे. रेंज बरी होती.

पाच एकोणतीस.
पेटी उघडली. तिकडून दोन आवाज, आज्जी, आज्जी.
सुलक्षानं सा धरला
आणि त्यांचा सा अर्धा सेकंद मागून आला.
बघ ना, किती उशीर, ती माझ्याकडे वळून म्हणाली.

पडोशाहून वेळग्याला पाणी पोचायला
पावणेतीन तास लागायचे.
मी काही बोललो नाही.